सभासदांची माहिती, सभासदांनाच भुर्दंड

१९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम झाला, तेव्हा सभासद-नोंदवही कपाटात असे. नाव, पत्ता, व्यवसाय, धारण केलेले भाग यांपलीकडे तीत फारसे काही नसे. आता पतसंस्थांनीही संकेतस्थळे उघडली आहेत. तेथून सभासदाच्या यंत्रावर उतरणारी ‘कुकी’ ही लहानशी खूण त्याला पुनःपुन्हा ओळखते. ती त्रयस्थ जाहिरात कंपनीची असल्यास कर्जाचे पान कोणी उघडले, हे त्या कंपनीस परस्पर कळू शकते. सर्वसाधारण सभेने हा अधिकार संचालक मंडळास कधी दिला? अहवालात चहापानाचा खर्च मात्र न चुकता छापला जातो!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हेतूपुरतीच माहिती व स्पष्ट संमती ही बंधने घातली असून, सुरक्षिततेतील कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड योजिला आहे. तो जमा व्हावयाचा भारताच्या संचित निधीत. शिवाय, नुकसानभरपाईची सोय असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ कलम वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. कंपनीचा ग्राहक निदान तिच्या दंडाचा धनी नसतो. सहकारी संस्थेत मात्र ज्याची माहिती फुटली, त्याच्याच लाभांशातून दंड जावयाचा. त्यामुळे संकेतस्थळावर कोणाच्या कुकी आहेत व त्या कशासाठी, हा प्रश्न सभासदांनी येत्या वार्षिक सभेत लेखी विचारावयास हवा.