आईला वगळून?

मागे लेकीकडे फिनिक्सला गेले होते, तेव्हाची गोष्ट. तिच्या ओळखीच्या एका मराठी घरी जेवायला बोलावलं होतं. गप्पा मेक्सिकन कुटुंबांवर आल्या. एक गृहस्थ म्हणाले, "काकू, या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही हो. मुलगी जरा मोठी झाली की आई तिला भावंडं सांभाळायला बसवते." पाहुणी होते, गप्प बसले. पण ते वाक्य काही मनातून जात नाही, म्हणून इथे लिहिते. नात्यातल्या मंडळींनी रागावू नये.

किंमत नाही कशी? स्पॅनिशमधला 'एदुकासिओन' हा शब्द ऐकायला एज्युकेशनसारखा, पण चांगली वागणूक, मोठ्यांचा मान, आपण ज्याला संस्कार म्हणतो तेही त्यात येतं. त्या आईला मुलीचं शिकणं नको असतं असं नाही. घर सोडून गेलेली मुलगी आपली राहील ना, ही धास्ती असते. ही धास्ती आपल्या ओळखीची नाही?

बरं, तिला माहिती देणार कोण? ॲरिझोनाने 2000 साली मतदान घेऊन शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद केलं. शिक्षकांचं म्हणणं कित्येकदा मुलगीच आईला भाषांतर करून सांगते. (स्वतःविषयीच्या तक्रारीसुद्धा! असो.) तिथल्या सरकारी विद्यापीठांना हायस्कूलची चार वर्षं गणित लागतं, म्हणजे नववीतच विषय नीट निवडायला हवेत. आर्थिक मदतीच्या 'फाफ्सा' फॉर्ममध्ये पालकांच्या उत्पन्नाचा हिशोब लागतो. आईवडिलांशिवाय पान हलत नाही, आणि आईला बोलवायचं शेवटी, सहीपुरतं! कागदपत्रं नसलेल्या मुलींना राज्यातल्यांसाठीची कमी फी 2006 साली मतदानाने नाकारली, 2022 साली मतदानानेच पुन्हा दिली. मधल्या काळातल्या आयांनी शिक्षणाची किंमत दाखवायची तरी कशी?

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने मात्र 1984 सालीच हे ओळखलं. शाळकरी मुलगी आणि तिची आई, दोघींना जोडीने विद्यापीठात आणायचं, असा कार्यक्रम त्यांनी काढला. 1986 साली टेक्ससमधल्या एल पासोच्या विद्यापीठाने सहावीतल्या मुलींसाठी तसाच सुरू केला. आईने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहायचं, प्रश्न विचारायचे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

यावर काहीजण म्हणतात, आईला मध्ये घेतलं की मुलगी घराजवळचंच कॉलेज धरते. धरू दे की! घरून येऊन-जाऊन मिळवलेली पदवी कमी असते का?

मी चौतीस वर्षं शिकवलं. आमच्याकडे पालक म्हणजे वडील, चिठ्ठी त्यांच्याच नावाने जायची. एकदा एका हुशार मुलीची आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. "बाई, थितं पोरी रातच्याला कुठं ऱ्हातात?" मी घाईत होते. म्हटलं, "वडलांना पाठवून द्या." वडील आले नाहीत, मुलगी दहावीनंतर घरीच बसली. कॉलेजचं वसतिगृह एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर होतं. एखाद्या रविवारी दोघींना घेऊन जाऊन खोली दाखवून आणणं मला सहज जमलं असतं.