जुना संगणक भंगारात काढण्याआधी

‘मशीन जुनं झालंय, आता नवीनच घ्या.’ दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य इतक्या सहज ऐकू येते, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. माझे मत वेगळे आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर आवाज येईनासा झाला, वाय-फाय दिसेनासे झाले, तर बहुतेक वेळा सुटा भाग बिघडलेला नसतो. त्या भागाशी कसे बोलायचे हे विंडोजला ठाऊक नसते. हे दुभाष्याचे काम करणारा लहानसा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला मिळालेला एक लॅपटॉप याच कारणाने कपाटात पडून होता आणि मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला सायबर कॅफेत पैसे मोजत होती. ‘वाय-फाय कार्ड गेलंय,’ असे एका दुकानात सांगितले गेले होते. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर पिवळी खूण असलेली एक ओळ दिसली. आत कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कार्ड पूर्ण निकामी झाले असते, तर ते सहसा यादीतच दिसले नसते.

अशा ओळीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज असे गेले, की त्या भागाचा क्रमांक मिळतो. पहिला आकडा बनवणाऱ्याचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा आकडा नेमका भाग सांगतो. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल शोधून आधी चिपसेटचा ड्रायव्हर टाकावा, नंतर बाकीचे. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, हे पाहून घ्यावे. इंटरनेटच नसेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करता येते. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांपासून मात्र दूर राहावे.

आमची अडचण पुढेच होती. कंपनीने त्या मॉडेलचे पानच काढून टाकले होते. शेवटी लिनक्स मिंट टाकले. त्याच्या ड्रायव्हर मॅनेजरने ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर स्वतःच सुचवला आणि ‘गेलेले’ कार्ड चालू झाले.

इथे दुकानदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर शोधण्यात त्याचे दोन तास जातात आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण गिऱ्हाइके तयार नसतो. खरा प्रश्न असा, की मी विकत घेतलेली वस्तू चालवायची किल्ली कोणाकडे राहावी? हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना एका प्रिंटरच्या प्रोग्रामचा सोर्स कोड नाकारला गेला. त्या अनुभवाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला.

आता हा प्रश्न घरोघरी येतो आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. सुरक्षेचे कारण खोटे नाही. आधार संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार मीही करणार नाही. पण त्यावर संगणक फेकणे हाच उपाय का? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसते स्क्रू आणि बॅटरी नव्हे. ज्या मॉडेलचा आधार कंपनी थांबवते, त्याचे ड्रायव्हर तिने कायम उपलब्ध ठेवावेत, अशी सक्ती हवी.

तोपर्यंत आपल्या हातात एवढे आहे: मोहल्ल्यातल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार द्यावा आणि कपाटात पडलेली यंत्रे एकेक करून उघडावीत. दहावीच्या पोराला नवा लॅपटॉप कर्ज काढून घेण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.