साप पाळण्यापूर्वी

कुंडलिकेकाठच्या अष्टमीत एखाद्या विद्यार्थ्यास बांधावरची धामण घरी पाळावीशी वाटली, तर ते कुतूहल निंद्य नव्हे. सापाला काठीच दाखविणाऱ्या समाजात ते स्वागतार्हच म्हटले पाहिजे. परंतु पेटी आणि उंदीर यांची तजवीज करण्यापूर्वी त्याने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाहावा. धामण, नाग, अजगर यांना हौसेखातर पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागपूजेलाही या कायद्यापायी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

कायदा बाजूला ठेवला तरी ओळखीचा प्रश्न उरतोच. घोणस नवख्याला अजगराचे पिल्लू वाटते. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतही फसगत होते. ही चूक दंड भरून निस्तरत नाही.

मग परदेशी साप आणावा काय? आफ्रिकेतील बॉल पायथनसारख्या जातींची नोंदणी २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आवश्यक झाली आहे. शिवाय हा प्राणी पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. मुलगा नोकरीसाठी मुंबईस गेल्यावर त्याला उंदीर कोणी घालायचे? बहुधा आईनेच! आणि नकोसा झालेला परका साप येथील रानात सोडणे तर सर्वथा अनुचित.

धामण बांधावरच राहिली, तर भाताचे उंदीर खाते. तिला पाहावयास वही आणि चार पावलांचे अंतर पुरते. शाळांनी नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची चित्रे वर्गात लावावीत. ती पावसाळ्यापूर्वी लागली तर अधिक बरे.