सांगायची राहिलेली मुंबई

यंदाची रोवणी आटोपल्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी आमच्या बचत गटाची बैठक होती. दीड महिना बांध्यांच्या चिखलात वाकून काढल्यानंतर बाया पहिल्यांदाच निवांत बसल्या होत्या. पायांना चिखल्या झालेल्या, पाठी धरलेल्या, पण गप्पांना ऊत आलेला. कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब झाला, तेवढ्यात लाईट गेली. पाऊस थांबेना. तेव्हा पोरींनी आग्रह धरला, "ताई, तुम्ही तर मुंबईच्या. मुंबईचं सांगा नं."

मुंबईचे सांगायला मला नेहमीच आवडते. लालबागजवळच्या चाळीतले आमचे दहा बाय बाराचे बिऱ्हाड, लांबलचक गॅलरी, भारतमातातला मराठी सिनेमा, गणेशगल्लीचा गणपती बघायला रात्रभर लागणारी रांग, डबलडेकरमध्ये वर अगदी पुढची जागा मिळावी म्हणून केलेली पळापळ. एकदा रस्त्यात शूटिंग चालले होते आणि बाबांनी मला खांद्यावर घेऊन हिरॉईन दाखवली होती, तेही मी सांगितले. गिरणीचा भोंगा झाला की सगळी चाळ कशी जागी व्हायची, हे तर रंगवूनच सांगितले. पोरींचे डोळे चमकत होते.

कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मधेच विचारले, "मंग तुमची माय कुठं होती?"

मी थांबले. माझ्या गोष्टीत बाबा होते, मामा होते, शेजारचे काका होते, देखाव्यातला राजवाडासुद्धा होता. आई नव्हती. हिरॉईन पाहिली त्या संध्याकाळी ती कुठे होती? रात्रभर रांगेत आम्ही उभे होतो तेव्हा? मला आठवेना. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला.

त्या आठवड्यात मी आईला फोन केला. आधी ती हसलीच. "मुंबई? मी स्वयंपाकाचा ओटा पाहिला गं, मुंबई तुम्ही पाहिलीत." मग हळूहळू बोलायला लागली. दोन-तीन रात्री आम्ही बोलत होतो. जे कळले त्यातले काही मला माहीत होते, पण गोष्ट म्हणून मी ते कधी जोडलेच नव्हते.

पहिली गोष्ट भोंग्याची. बाबांच्या गिरणीचा भोंगा मी ऐकलेलाच नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि बाबांना कामावर परत घेतले गेले नाही. मी जन्मले ती त्यानंतर. म्हणजे मी इतकी वर्षे सांगत आले ती बाबांची आठवण. त्यांनी ती इतक्या वेळा सांगितली की माझीच झाली. आईने तिच्या आठवणी सांगितल्या नाहीत, म्हणून त्या माझ्या झाल्या नाहीत.

आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन आली 1979 साली. तेव्हा आजीची खाणावळ होती. कोकणातून, घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवलेले गिरणीवाले दोन वेळ जेवायला येत. पाळीप्रमाणे जेवण, म्हणून चूल दिवसरात्र तापलेली. पहाटे चारला नळ येई, तेव्हा उठायचे. आजी लालबाग-परळच्या अशा शेकडो खानावळवाल्यांपैकी एक. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले ते याच बायांना घेऊन. सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत बुडालेल्या या बायांनी एकमेकींना जामीन राहून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज काढले. आज आपण बचत गटात जे करतो त्याची एक वाट त्या खोल्यांमधून आली आहे.

संप झाला आणि आजीचे जेवणारे गावी निघून गेले. उधारी वहीतच राहिली. त्यानंतर घर चालले ते आईने दादरला केलेल्या पोळ्यांवर आणि रात्री घरी आणून निवडलेल्या, भाजलेल्या मसाल्याच्या मिरच्यांवर. मिरचीने तिच्या हातांची आग होई म्हणून ती मला रात्री जवळ घेत नसे. मला वाटायचे आईला मी आवडत नाही. हे मी तिला आज, सदतिसाव्या वर्षी सांगितले. फोनवर दोघी बराच वेळ गप्प होतो.

गिरणगाव म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष येतो. पण 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. वाइंडिंग, रीलिंग ही त्यांची खाती. पुढे नवी यंत्रे आली, बायकांना रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला तेव्हा मालकांना त्या महाग वाटू लागल्या. संपापर्यंत त्या नावापुरत्याच उरल्या होत्या. गिरणीतून निघालेली बाई ओट्याशी गेली, पापडाच्या लाटीशी गेली, दुसऱ्याच्या भांड्यांशी गेली. तिचे काम थांबले नाही, फक्त त्याला काम म्हणणे थांबले.

पण आईच्या बोलण्यात नुसते रडगाणे नव्हते, हेही नमूद करायला हवे. तिलाही मुंबई आठवते, आणि ओढीने आठवते. नळावरच्या गप्पा आठवतात. कोणाच्या घरात मारहाण झाली की गॅलरीतल्या बाया दार वाजवायला जात, ते आठवते. आजी 1972 च्या महागाईविरोधी आंदोलनात, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मोर्चात लाटणे घेऊन गेली होती, हे आजी तिला मिरच्या निवडताना सांगत असे. बँकेच्या पासबुकावर स्वतःच्या नावाची पहिली सही केली तो दिवस आठवतो. "गावाला मी अमक्याची सून होते. इथे मला नावाने हाक मारणारी माणसं भेटली," असे ती म्हणाली. शहराने बाईला काय दिले, हे तिच्या तोंडून ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळले.

आणि शहराने काय नेले तेही. 2001 साली आमची खोली विकली गेली. खोली बाबांच्या नावावर होती. बघायला पार्टी आली तेव्हा आईला कळले. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि आम्ही नालासोपाऱ्याला जाणार, मोठे घर मिळणार म्हणून खूश होते. बावीस वर्षे जिने त्या खोलीची फरशी पुसली तिला कोणी विचारले नव्हते. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना विचारायचे सुचलेच नाही. न सुचण्याची मुभा कागदाने त्यांना दिली होती.

मैत्रिणींनो, हे सगळे घरगुती दळण इथे का मांडते आहे? कारण त्या बैठकीतली एकोणीस वर्षांची एक मुलगी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली. बारावी झालेली. कोणी ओळखीचा माणूस मुंबईला काम लावून देतो म्हणाला होता. "तुमची मुंबई ऐकली आन् मन पक्कं केलं ताई," असे ती म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. माझ्या अर्ध्या गोष्टीवर ती पूर्ण आयुष्य ठरवत होती.

तिला जाऊ नको म्हणायचा मला काय अधिकार? या तालुक्यात रोवणी, कापणी, मोहफूल, तेंदूपत्ता संपला की मजुरी नाही. गोंदिया-बल्लारशा गाडीने माणसे बाहेर पडतात ती हौस म्हणून नाही. आणि गाव बाईला सांभाळते असेही नाही. बायकोचे नाव सातबाऱ्यावर यावे म्हणून 1992 साली लक्ष्मी मुक्तीचा शासननिर्णय निघाला, घर दोघांच्या नावे व्हावे म्हणून 2003 साली निघाला. त्याच बैठकीत मी विचारले होते, घराच्या नमुना आठवर नाव कोणाकोणाचे? मोजकेच हात वर आले. चाळीतली खोली असो की धानाची बांधी, राबणारीचे नाव कागदावर नाही.

म्हणून तिला मी गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला. आईला फोन लावून दिला. आईने तिला भीती घातली नाही, फक्त प्रश्न दिले. झोपायची जागा कुठे, आणि दाराला कडी आतून आहे का? संडास कुठे? पगार कोणाच्या खात्यात पडणार? तुझे कागद कोणाजवळ राहणार? परत यावेसे वाटले तर गाडीभाडे कोणाजवळ असेल? मुलीने ते प्रश्न त्या माणसाला विचारले. दोन उत्तरे दिल्यावर तो चिडला. ती त्याच्याबरोबर गेली नाही. तिची शहराची ओढ मात्र कायम आहे, आणि ती असावी. सध्या आम्ही दोघी मिळून नागपूरला वसतिगृह आणि काम शोधतो आहोत.

आठवणी गोड असतात, त्यात गैर काही नाही. मी उद्याही पोरींना डबलडेकर सांगेन. पण ज्या आठवणीत आई दिसत नाही ती पूर्ण झालेली नाही, एवढे आता मला कळले आहे. आणि अपुरी आठवण निरुपद्रवी नसते. तिच्यातूनच पुढच्या मुलीचे स्वप्न बनते, आणि तिच्यातूनच कागदावरचे कोरे रकाने कोरेच राहतात.

तेव्हा पुढच्या अंकासाठी तुम्हा सगळ्यांना एक विनंती. आपापल्या गटात, घरात, बालपणीची एखादी लाडकी गोष्ट सांगा आणि मग त्या म्हाताऱ्या बाईचा प्रश्न विचारा : तेव्हा आपली माय कुठे होती? ती हयात असेल तर तिलाच विचारा. जे सापडेल ते चार ओळींत का होईना, लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घ्या. आणि पत्राखाली आपल्या नावाबरोबर तिचेही नाव जरूर लिहा.