डिझेल की पेट्रोल?

आमच्या घरी सध्या मोटारीची वाटाघाट चालू आहे. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा, तेव्हा विचार हवाच. माझे कॉलेज घरापासून चार किलोमीटर. बाकीच्या फेऱ्या गारखेडा ते गुलमंडी एवढ्याच.

‘डिझेल स्वस्त’ हे मंडळींचे पालुपद. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले. दोहोंतली पूर्वीची तफावत आता उरलेली नाही. डिझेल गाडीला मुळातच पैसे जास्त पडतात. ते भरून निघायला चाके पुष्कळ फिरावी लागतात.

त्याहून मोठी अडचण गाळणीची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवणारी गाळणी आली. साचलेली काजळी जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावली तरच हे नीट साधते. क्रांती चौकात थांबत थांबत इंजिन तापते न तापते तोच घर येते! गाळणी तुंबते, आणि ती बदलायचा खर्च सारी बचत गिळून टाकतो.

वेरूळ-अजिंठ्याला नित्य प्रवासी नेणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावे. ज्यांची पृथ्वीप्रदक्षिणा शाळा, मंडई आणि माहेर यांतच पुरी होते, त्यांना पेट्रोलच बरे. वाचकहो, गाडीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आठवडाभराचे किलोमीटर तेवढे वहीत मांडून पाहा.