मत देण्यापूर्वी नोंद वाचा



१८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या शहरातील हरणी तलावात बोट उलटली. सहलीला आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांचा मृत्यू झाला. ९ जुलै २०२५ रोजी महिसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. म्हणून सार्वजनिक सुरक्षितता हा आमच्या दृष्टीने शाळेचाही विषय आहे.

निवडणुकीत सुरक्षिततेचे आश्वासन सगळेच देतात. आश्वासन ऐकावे, पण नोंद तपासावी, असे आमचे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःवरील गुन्हेगारी खटले, मालमत्ता व शिक्षण प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. मात्र खटला चालू आहे म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे.

प्रतिज्ञापत्रातून उमेदवाराची भूमिका कळत नाही. तो आधी खासदार असेल, तर पूल, रस्ते, जलवाहतूक यांविषयी त्याने कोणते प्रश्न विचारले, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर पाहावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने पुलाचा तपासणी अहवालही मागता येतो. उत्तराची मुदत साधारणपणे ३० दिवस. तो कागद हाती घेऊन उमेदवाराला प्रश्न विचारावा.

शाळा कोणत्याही पक्षाची नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आईवडिलांसोबत बसून निदान एक प्रतिज्ञापत्र वाचावे. मताचा हक्क १८ व्या वर्षी मिळतो. तपासून पाहण्याची सवय त्याआधीच लागली पाहिजे.