पाणीपुरी, आरसा आणि तीन बोटं



या आठवड्यात नाशिकहून सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. आधी ते वाचा.

‘डॉक्टरमावशी, आम्ही द्वारकेजवळ राहतो. माझा मामा ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे. तो दिवसभर पुड्या खातो. मागच्या रविवारी आम्ही पाणीपुरी खायला गेलो, तर मामाला अख्खी पुरी तोंडात घालताच येईना. आम्ही सगळे खूप हसलो. मामापण हसला. पण घरी आल्यावर त्याने मला गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि म्हणाला, आईला सांगू नकोस, उगाच घाबरेल. मामाला कॅन्सर झालाय का? मी आईला सांगू का? माझं नाव छापू नका.’

नाव छापत नाही, बाळा. आणि तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पहिलं उत्तर जरा मोठं आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे भेटतात तो चौक. रात्रंदिवस ट्रक, टेम्पो, रिक्षांची ये-जा. अशा प्रत्येक नाक्यावर टपऱ्या असतात आणि रात्रभर जागणारी, ओझी उचलणारी माणसं असतात. झोप येऊ नये, भूक लागू नये म्हणून कोणी तंबाखू मळतो, कोणी पुडी फोडतो. सवय अशी कामातूनच लागते. म्हणून मामांना ‘वाईट’ म्हणायचं नाही, बरं का! वाईट आहे ती पुडी.

आता तोंडाच्या आत डोकावू या.

तोंड तर आपल्या सगळ्यांचंच येतं. जिभेवर किंवा ओठाच्या आत छोटासा फोड येतो, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी! कधी दाताखाली गाल चावला जातो, कधी जेवणातून ब जीवनसत्त्व किंवा लोह कमी पडतं, कधी परीक्षेची काळजी असते. हे फोड साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पालेभाज्या, डाळी, मोड आलेली कडधान्यं, दूध खावं, पाणी भरपूर प्यावं आणि मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कराव्यात. अशा फोडांना घाबरायचं कारण नाही.

पण काही गोष्टी पंधरा दिवसांत जात नाहीत. त्या ओळखायला शिकायचं.

आपल्या गालाच्या आतलं अस्तर मऊ, ओलसर आणि गुलाबी असतं. तिथल्या जुन्या पेशी झडतात आणि नव्या पेशी त्यांची जागा घेतात. दुरुस्तीचं हे काम रोज चालू असतं. आता तिथे तासन् तास तंबाखू, सुपारी आणि चुना दाबून ठेवला तर? चुना अस्तर जाळतो. तंबाखूतली विषारी रसायनं पेशींच्या आतल्या सूचनांमध्येच बिघाड करतात. मग एखादी पेशी ‘आता थांब’ ही सूचनाच विसरते आणि वाढत सुटते. तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच बेशिस्त. या बेशिस्त वाढीचं नाव कॅन्सर. तो एका दिवसात होत नाही, त्याला बहुधा अनेक वर्षं लागतात. आणि त्या वर्षांत तो खुणा दाखवत असतो.

सुपारीचं काम वेगळंच. तिच्यामुळे गालाच्या आत दोऱ्यांसारखे कडक तंतू तयार होतात. आधी तिखट खाल्लं की आग होते. मग गाल पांढुरका आणि ताठ होतो. मग तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. माणसाला ते कळतही नाही, कारण भाकरीचा घास तो नकळत लहान करत जातो. एके दिवशी पाणीपुरी समोर येते, तेव्हा कळतं! हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे. पण काही जणांमध्ये पुढे तिथेच कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते. म्हणून तंबाखू नसलेली ‘गोड सुपारी’सुद्धा निरुपद्रवी नाही. लग्नात, दुकानात, वाढदिवसाला कोणी दिली तरी नको म्हणा.

तर मामांना कॅन्सर झालाय का? पत्रावरून कोणताही डॉक्टर हे सांगू शकत नाही. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बरेच चट्टे कॅन्सर नसतात. काही तर सवय सोडल्यावर कमी होतात. पण काही पुढे कॅन्सरमध्ये बदलतात, आणि कोणता बदलेल हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून मामांनी डॉक्टरांना दाखवायलाच हवं आणि तेही याच आठवड्यात.

मोठ्या माणसांनी या खुणा लक्षात ठेवाव्यात:

• पंधरा दिवसांत बरी न होणारी जखम किंवा फोड.
• पुसून न जाणारा पांढरा चट्टा. लाल चट्टा असेल तर जास्तच काळजी घ्यावी.
• तोंडात किंवा मानेला गाठ.
• कारण नसताना हलणारा दात, तोंडातून रक्त येणं.
• गिळायला त्रास, जीभ जड होणं, आवाज बदलणं.
• तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं.

सगळ्यांत फसवी गोष्ट कोणती, माहीत आहे? सुरुवातीला यातलं बरंचसं दुखतच नाही. पायात काटा गेला तर आपण लगेच ओरडतो. हा चट्टा मात्र गप्प बसतो. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ असं म्हणत माणसं महिनोन्‌महिने घालवतात.

आता एक सोपी चाचणी. आपल्या हाताची मधली तीन बोटं एकत्र धरा आणि उभी करून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालून पाहा. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं सहसा आरामात जातात. दोनच जात असतील तर डॉक्टरांना विचारायचं. अक्कलदाढ सुजली किंवा जबड्याचा सांधा दुखत असला तरी असं होतं, म्हणून लगेच धसका घ्यायचा नाही. पण टाळायचंही नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं? आधी ते उजेडात तोंड पाहतात आणि बोटानं चाचपतात. शंका आली तर जागा बधिर करून अगदी छोटा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असं पुष्कळ लोक म्हणतात. ते खरं नाही. तुकडा तपासल्याशिवाय योग्य उपचार सुरूच करता येत नाहीत. उशीर झाला तर मात्र आजार नक्की पसरतो.

कॅन्सर निघालाच, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी असे उपचार असतात. लवकर सापडला तर बरेचदा छोट्या शस्त्रक्रियेनंही भागतं आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. उशिरा सापडला तर जबड्याचा भाग काढावा लागतो, बोलणं आणि जेवणं अवघड होतं आणि बरं होण्याची शक्यताही कमी होते. आजार तोच, फरक पडतो तो दाखवायला कधी गेलो याचा!

नाशिकमध्ये दाखवायचं कुठे? द्वारकेजवळच महापालिकेचं झाकिर हुसेन रुग्णालय आहे. त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. पंचवटीत दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे. दातांचे डॉक्टरही हे चट्टे ओळखतात, बरं का. गरज पडली तर तिथून पुढे पाठवतात. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरवर उपचार करतंय. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. आपल्या देशातही अशा उपचारांची सोय व्हावी, या इच्छेतून हे रुग्णालय उभं राहिलं. पालकांनो, खर्चाच्या भीतीनं तपासणी टाळू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार आहेत. तिची चौकशी रुग्णालयातच करता येते.

हा आजार लहान-मोठा पाहत नाही. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी कितीतरी सभांमधून तंबाखू आणि सुपारी सोडा असं स्वतःचं उदाहरण देऊन सांगितलंय. आर. आर. पाटील म्हणजे सगळ्यांचे आबा. ग्रामस्वच्छता अभियानामुळे ते घराघरात पोचले होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरनं ते गेले, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ५७. राज्याचे गृहमंत्री राहिलेल्या माणसालाही या आजारानं सोडलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. आईला सांगू का?

हो, सांग. आजच सांग.

काही गुपितं जपायची असतात. ताईच्या वाढदिवसाची भेट हे जपायचं गुपित. पण ज्या गुपितामुळे कोणाच्या जिवाला धोका होऊ शकतो, ते एकट्यानं सांभाळायचं नसतं. ती चुगली होत नाही. आधी मामांनाच म्हण, ‘मामा, मला तुझी काळजी वाटते. तू आईला सांग, नाहीतर मी सांगतो.’ संध्याकाळपर्यंत त्यांनी सांगितलं नाही, तर तू सांग. मामा थोडे रागावतील. रागावू देत. तुला चट्टा दाखवला, म्हणजे त्यांच्याही मनात भीती आहेच. ती त्यांना एकट्यानं पेलवत नव्हती, म्हणून तर त्यांनी तुला दाखवलं.

आणि एक. पुढे काहीही निघालं, तरी त्यात तुझा दोष नाही. पाणीपुरीच्या वेळी हसलास म्हणून तर मुळीच नाही. मामांना बरं करण्याची जबाबदारीही तुझी नाही, ती मोठ्यांची आणि डॉक्टरांची. कॅन्सर एकमेकांना लागत नाही. मामांच्या ताटात जेवलास, त्यांच्या कुशीत झोपलास, तरी काही होत नाही.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. २०१६-१७ च्या देशभरातल्या पाहणीत महाराष्ट्रात दर शंभर प्रौढांमागे सुमारे २७ जण तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. त्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त. आपल्या घरातल्या आज्यांची मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, ती भाजली म्हणून निर्दोष होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो चोरून विकला जातो. २००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणं गुन्हा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकायला मनाई आहे. म्हणून मुलांना पुडी आणायला टपरीवर पाठवू नका. सवयीची पहिली ओळख बहुतेकदा तिथेच होते.

सोडायचं कसं? सोडण्याचा एक दिवस ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगा. तल्लफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, चार पावलं चाला, भाजलेली बडीशेप चघळा. मुखवास मात्र पाहून घ्या, त्यात सुपारी असते! पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांनी तेवढे दिवस सांभाळून घ्यावं. एकदा सुटून पुन्हा लागली तर पुन्हा सोडावी. पुष्कळांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा यासाठीच आहे.

आता या आठवड्याचा गृहपाठ! रविवारी सकाळी दात घासून झाले, की घरातल्या सगळ्यांनी आरशासमोर उभं राहायचं. हातात बॅटरी घ्यायची. दोन्ही गालांची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, हिरड्या आणि टाळू पाहायचं. मग तीन बोटांची चाचणी. आजीची कवळी असेल तर ती काढून पाहायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेच पुन्हा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बॅटरी धरायचा मान घरातल्या सगळ्यांत धाकट्याला द्यायचा!

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातला ताप: साधा कोणता आणि डेंगीचा कोणता?

तुमची,
डॉक्टरमावशी